बांगडी कोण फोडतं?

नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं योग्य आहे का, असं गावातल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारा. ‘हो, योग्यच आहे’ असं ठामपणे सांगणारे मोजकेच निघतील. बाकीचे ‘आम्हाला नाही पटत, पण रीत आहे’, ‘आम्ही सोडू, पण पाव्हणे काय म्हणतील’ अशी उत्तरं देतात. त्याच गावात पुढच्या मयताला मात्र बांगड्या फुटतात, आणि फोडणाऱ्यांत व बघणाऱ्यांत ‘पटत नाही’ म्हणणारेही असतात.

समाजाचा विचार बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं, हा प्रश्न या विसंगतीत अडकलेला आहे. आपल्याकडे एक ठरलेली समजूत आहे: आधी प्रबोधन, मग मतपरिवर्तन, मग आचरण. म्हणून व्याख्यानं होतात, पथनाट्यं होतात, भिंती रंगवल्या जातात. मत बदललं की वागणं आपोआप बदलेल, अशी ही शिडी. विधवा प्रथांच्या बाबतीत ती उलटी लावलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. मतं बऱ्याच अंशी आधीच बदललेली असतात. इतरांचं मत काय आहे याचा प्रत्येकाचा अंदाज तेवढा जुना राहिलेला असतो. शिवाय प्रत्यक्ष कृती ज्यांच्या हातून होते त्यांना ‘मी हे करणार नाही’ म्हणायला कुठलीच आडोशाची जागा नसते. या दोन गोष्टी सुटल्या तर वर्षानुवर्षांची रीत दोन-चार वर्षांत ढिली पडते. त्या सुटल्या नाहीत तर शंभर वर्षांचं प्रबोधनही तिला धक्का लावत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्यात राज्य सरकारच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सर्व ग्रामपंचायतींना सांगितलं. माणगावसह इतर गावांतही असे ठराव झाले. वर्तमानपत्रांनी ‘क्रांतिकारी पाऊल’ म्हणून कौतुक केलं, तर काहींनी ‘ठराव करून कुठे रूढी जातात का’ म्हणून नाकं मुरडली. दोघांनीही ठरावाचं खरं काम बघितलं नाही.

या ठरावाला दंडाची ताकद नाही. रीत पाळली म्हणून ग्रामसभा कोणाला शिक्षा करू शकत नाही. मग ठराव करतो काय? तो एक माहिती जाहीर करतो. गावातल्या शंभर माणसांनी एका मांडवात बसून, एकमेकांच्या देखत, हात वर केलेले असतात. तोवर प्रत्येकाला वाटत असतं की आपणच वेगळे आहोत आणि उरलेलं गाव जुन्या रीतीचं आहे. हात वर झाल्यावर हा गैरसमज टिकत नाही. त्यानंतर मयताच्या घरी एखादी म्हातारी बांगड्यांना हात घालू लागली तर शेजारीण म्हणू शकते, ‘अहो, गावाने ठरवलंय ना.’ हे तिचं एकटीचं मत राहत नाही, म्हणून तिला वाईटपणाही येत नाही. ठरावाचा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

माणसं दुसऱ्यांच्या मताचा अंदाज किती चुकवतात, याचा एक चांगला पुरावा आपल्यापासून दूर, रियाधमध्ये सापडतो. तिथल्या तरुण विवाहित पुरुषांना संशोधकांनी खाजगीत विचारलं, बायकांनी घराबाहेर काम करावं का? बहुसंख्यांनी हो म्हटलं. पण आजूबाजूचे पुरुष मात्र विरोधात असतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला, आणि त्यांनी आपल्या पत्नीचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत अधिक प्रमाणात नोंदवलं. कोणी त्यांना स्त्री-स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं नव्हतं. शेजाऱ्याचं मत तेवढं कळवलं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बांगडी फोडतं कोण? पुरुष नव्हे. बहुधा हे काम आधीच विधवा झालेल्या एखाद्या वडीलधाऱ्या नातलग बाईकडे येतं: चुलत सासू, आत्या, भावकीतली म्हातारी. कुठे ते प्रेत घरातून हलण्याआधी होतं, कुठे नदीवर, कुठे दहाव्याला. काही ठिकाणी बाईला आधी पूर्ण नटवतात आणि मग एकेक काढून घेतात. वेळ, जागा, क्रम सगळं बदलतं, पण एक गोष्ट कायम राहते. ही रीत कोणाच्या तरी हातून व्हावी लागते, आपोआप होत नाही. ज्या बाईच्या हातून होते तिच्यावर कधीकाळी हेच झालेलं असतं. तिला ते आवडतं असं नाही. पण ती नाही म्हणाली तर ‘हिला मेलेल्याचं सोयरसुतक नाही’ हा ठपका तिच्यावर येतो. सुधारणेचा बहुतेक सगळा उपदेश मात्र विधवेला आणि तिच्या मुलांना उद्देशून असतो. त्या क्षणी ज्यांच्या अंगात काही त्राण नसतं, त्यांच्याकडून बंडाची अपेक्षा!

एकोणिसाव्या शतकात हे कोडं काही माणसांना आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं. केशवपनाविरुद्ध पुष्कळ लेखन झालं, शास्त्रार्थ झाले, श्लोकांचे अर्थ लावून झाले. सत्यशोधक परंपरेतले कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा धरणारा हात ओळखून त्याच्याकडे जाणं, हे त्या सभेचं वेगळेपण. शास्त्रींना पटवण्यात दशकं गेली असती. नाभिकाला पटवायला वेळ लागला नाही, कारण त्यालाही हे काम नकोच होतं. एकट्याने नकार दिला असता तर त्याचं गिऱ्हाईक शेजारच्या नाभिकाने घेतलं असतं, एवढीच अडचण होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं की ही अडचण राहत नाही.

उलट बाजूचं उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचं आहे, आणि ते नेहमी टोमणा म्हणून वापरलं जातं. विधवाविवाहाचे ते खंदे पुरस्कर्ते होते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ही मुलगी म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे. रानड्यांचा विचार कच्चा होता म्हणून हे झालं असं म्हणणं सोपं आहे. त्यांच्याइतका पक्का युक्तिवाद त्या काळात फार थोड्यांकडे होता. विचार पूर्ण बदललेला असूनही एकट्याने किंमत मोजायची वेळ आली की माणूस कसा वाकतो, हे या उदाहरणातून शिकावं. धोंडो केशव कर्व्यांनी ती किंमत मोजली. १८९३ मध्ये शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी त्यांनी लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावात सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला आणि घरच्यांनाही वाळीत टाकण्याचा धाक घातला गेला. म्हणजे गावाने जमून ठराव करणं ही काही सुधारणेची मक्तेदारी नाही. याच हत्याराने मुरूडने कर्व्यांना एकटं पाडलं आणि याच हत्याराने हेरवाडने विधवांना एकटं पडू दिलं नाही. हत्यार बिनचूक चालतं म्हणूनच ते कोणाच्या हातात आहे याकडे लक्ष हवं.

विचार बदलतो म्हणजे तो पुढेच जातो, हा भ्रमही इथे सोडायला हवा. महाराष्ट्रातल्या कुणबी, माळी, मराठा आणि अनेक शेतकरी-कारागीर समाजांत पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करण्याची, चाल पूर्वापार होती. तिला प्रतिष्ठा पहिल्या लग्नाएवढी नव्हती, पण मार्ग बंद नव्हता. घर थोडं वर आलं, शिक्षण आलं, मान हवासा वाटू लागला, तशी बऱ्याच घरांनी पाटाची लाज बाळगायला सुरुवात केली आणि वरच्या जातींचे निर्बंध उचलले. ब्राह्मण सुधारक विधवाविवाहासाठी झगडत होते त्याच काळात काही बहुजन घरं तो सोडत होती. पुढारलेपणाची खूण म्हणून माणसं काय उचलतील याचा भरवसा नसतो. आजही एखाद्या घरात नवी गाडी, बंगला आणि दहाव्याचा जास्त कडक विधी हे सगळं एकाच वर्षी येतं.

कायद्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा. मुंबई इलाख्यात त्याचा आधार घेऊन झालेला पहिला गाजलेला विवाह १८६९ चा, म्हणजे तेरा वर्षांनंतरचा. शिवाय त्या कायद्यात एक मेख होती. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. एका हाताने लग्नाचा हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने जमीन काढून घेतली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र बदललं. वारशाने आलेल्या मिळकतीची विधवा पूर्ण मालक झाली, आणि वारसा मिळाल्यानंतर तिने पुन्हा लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. गावात मात्र ‘दुसरं लग्न केलंस तर जमिनीवर पाणी सोडावं लागेल’ हे अजूनही सांगितलं जातं. कधी अज्ञानाने, कधी चांगलं माहीत असून.

आता ठराव कुठे फसतात ते बघू, कारण कागदावर ठराव झालेली आणि रीत तशीच चालू असलेली गावं थोडी नाहीत.

पहिलं कारण सभेतच असतं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही. त्यामुळे वीस-पंचवीस माणसांसमोर, घरकुलाची यादी आणि पाणीपट्टी यांच्या मध्ये, परिपत्रकाचा मसुदा वाचून ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद करता येते. कार्यवृत्तात ठराव आला, वरच्या कार्यालयाला प्रत गेली. पण ज्यासाठी ठराव करायचा ते घडलंच नाही. गावाने एकमेकांचे हात वर झालेले बघितले नाहीत. हेरवाडची नक्कल करणाऱ्यांनी कागद उचलला, मांडव उचलला नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी अशी तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. हा एक विषय घेऊन ती खरोखर भरवली, बचत गट, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत प्रत्येक आळीतल्या वडीलधाऱ्या बायकांना, विशेषतः मयताच्या घरी ज्यांना आवर्जून बोलावलं जातं अशा चार-पाच जणींना समोर बसवलं, तर अर्धं काम तिथेच होतं. त्यांची यादी करणं अवघड नाही. कोणत्या आळीत कोण हे विधी करतं, हे गावाला तोंडपाठ असतं. ठराव मांडणारी आणि अनुमोदन देणारी बाई त्यांच्यातली असावी. सरपंचांनी मांडलेला ठराव सरपंचांचा राहतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. ग्रामपंचायतीची हद्द आणि सोयरिकीची हद्द एक नसते. मयताला येणाऱ्यांत निम्मे लोक बाहेरगावचे असतात: सासरचे-माहेरचे, विहीण-व्याही, आत्या-मावश्यांची घरं. गावाने ठरवलं तरी पाव्हण्यांनी ठरवलेलं नसतं. ‘तुमच्या गावचं तुमच्यापाशी, आमच्या पोरीचा धर्म आम्ही करणार’ असं म्हणणारी माणसं नेमकी त्या दिवशी हजर असतात, आणि सुतकात भांडण नको म्हणून गाव मागे सरतं. सेनेगलमध्ये हाच अनुभव आला. १९९७ मध्ये मालिकुंदा बांबारा या गावच्या बायकांनी मुलींची सुंता बंद करण्याचा जाहीर निर्णय घेतला आणि शेजारची गावं त्यांच्यावर उखडली. तेव्हा जवळच्या एका गावचे इमाम देंबा दियावारा यांनी मर्म सांगितलं: आमच्या मुली ज्या गावांत द्यायच्या त्या गावांनी मिळून ठरवल्याशिवाय एकट्या गावाला हे झेपणार नाही. ते पायी नात्यातल्या गावांना गेले, आणि पुढच्या वर्षी तेरा गावांनी एकत्र घोषणा केली.

चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेचा शेवटही असाच झाला. हजार वर्षांच्या आसपास चाललेली ही रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे निघालेल्या मंडळांमधले सभासद दोन शपथा एकत्र घेत: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली मुलगी सून म्हणून करणार नाही. दुसरी शपथ नसती तर पहिली टिकली नसती, कारण मोकळ्या पायाच्या मुलीचं लग्न कसं जमणार ही प्रत्येक आईची खरी भीती होती. पेकिंगच्या दक्षिणेला असलेल्या तिंग परगण्यातल्या पाहणीत १८९० पूर्वी जन्मलेल्या ९९ टक्क्यांहून जास्त बायकांचे पाय बांधलेले आढळले. १९१९ नंतर जन्मलेल्या मुलींत एकही नाही. अशी भक्कम रीत एका पिढीत गेली.

आपल्याकडे याचा अर्थ असा, की ठरावाचं एकक गाव नसून सोयरिकीचा पट्टा असायला हवा. एका तालुक्यातल्या ज्या पंधरा-वीस गावांत एकमेकांच्या लेकी-सुना आहेत, त्यांनी एकाच महिन्यात ठराव करावेत आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर तो फलक लावावा, म्हणजे मयताला येणारा पाव्हणा तो वाचूनच आत येईल. भावकीची बैठक, यात्रा कमिटी, जातीची मंडळं यांच्याकडूनही हेच करून घ्यावं लागेल. जातमंडळाकडे जाणं अनेक पुरोगामी कार्यकर्त्यांना रुचत नाही. मलाही त्यात फार आनंद नाही. पण सोयरीक जिथे ठरते तिथेच ही रीतही ठरते, हे डोळ्याआड करून चालत नाही.

तिसरं कारण वेळेचं. मरण रात्री-बेरात्री येतं. रुग्णालयातून प्रेत घरी येतं आणि दोन-तीन तासांत उचललं जातं. त्या गडबडीत ठरावाची आठवण कोण करून देणार, हे आधी नेमलेलं नसेल तर कोणीच देत नाही. दोन-तीन बायकांनी निरोप मिळताच त्या घरी जाऊन विधवेच्या शेजारी बसायचं, उठायचं नाही, एवढी साधी जबाबदारी नावानिशी द्यावी लागते. वादविवाद करायचा नसतो. शेजारी माणूस बसलेलं असलं की हात घालणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. पहिली दोन-तीन मयतं अशी निभावली की पुढे आठवण द्यावी लागत नाही. एकदा वेगळं वागून झालं की माणूस त्या वागण्याला साजेसं मत स्वतःच तयार करतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेला विसंगतीचा सिद्धान्त हेच सांगतो. ‘आमच्यात पूर्वीपासूनच फार कडक नव्हतं’ असं म्हणणारी घरं पाच वर्षांनी भेटतील. त्यांना खोडून काढायच्या भानगडीत पडू नये.

आता एका आक्षेपाकडे वळतो. कुंकू-बांगड्या ही वरवरची बाब आहे, बाईला जमीन आणि पैसा हवा, असं डावीकडचे आणि व्यवहारी लोक दोघेही म्हणतात. त्यांचं निम्मं बरोबर आहे. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. बाईला कोपऱ्यात बसवणारे तेरा दिवस आणि कागदपत्रांचे पहिले दिवस हे एकच असतात. ती सुतकात, डोक्यावर पदर घेऊन आत, आणि बाहेर ओसरीवर दीर, चुलत सासरे, सोसायटीचा सचिव बसून पुढचं ठरवतात. तिला नंतर सांगितलं जातं, ‘इथे अंगठा कर.’ विटाळ-अशुभाची कल्पना बाईला माणसांतून उठवते, आणि माणसांतून उठलेली बाई व्यवहारातूनही उठते.

म्हणून ठरावात कागदांची जबाबदारी लिहिलेली नसेल तर तो अर्धवट आहे असं समजावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत विनाशुल्क होते. दाखल्याच्या प्रती पाच-सहा तरी काढाव्यात, कारण बँक, विमा, तहसील, शाळा, सगळीकडे एकेक लागते. शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ऑनलाइन द्यायचा. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार निघतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

गोंधळ होतो तो अर्जातल्या वारसांच्या यादीत. मयताची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत आणि त्याच्या हिश्श्यात त्यांचे वाटे समान असतात. यादीतून मुली गळतात, कधी विधवाही गळते आणि एकट्या मुलाचं नाव लागतं. जमीन थोरल्या भावाच्या नावावर ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी असेल तर धाकट्याची विधवा सातबारावर येतच नाही, कारण मुळात तिच्या नवऱ्याचंच नाव तिथे नसतं. अशा वेळी वारस नोंदीने भागत नाही. हिस्सा मागावा लागतो, आणि न मिळाल्यास दिवाणी दावा. सर्वांत घातक कागद म्हणजे हक्कसोड पत्र. ‘कर्ज काढायला सोपं जाईल’, ‘कागद एका नावावर असलेला बरा’ असं सांगून ते करून घेतलं जातं. एकदा नोंदणीकृत झालं की ते रद्द करायला न्यायालयात फसवणूक सिद्ध करावी लागते. पहिलं वर्ष कोणत्याही विधवेने हक्कसोड पत्रावर सही करू नये, असा एक ओळीचा संकेत गावाने पाळला तरी शंभर दावे वाचतील.

पैशाचंही तसंच. नवऱ्याच्या बँक पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विम्याची रक्कम असते आणि दोन लाखांचा दावा करता येतो. २० रुपये दिसले तर तो अपघात विमा. कित्येक घरांत हा विमा होता हेच कोणाला ठाऊक नसतं, कारण पासबुक भरून आणलेलं नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. निकषांत बसणाऱ्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळतात, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. एवढ्या उत्पन्नात कोणतं घर चालतं, हे ती मर्यादा वर्षानुवर्षं न हलवणाऱ्यांनी सांगावं. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात एक लाखाची मदत असते. त्यातले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीत. विधवा प्रथेविरुद्धचा ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीने ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, या अर्जांची तारखेसकट जबाबदारी टाकली आणि पुढच्या ग्रामसभेत ‘गेल्या तीन महिन्यांत किती मृत्यू, किती वारस नोंदी, कोणाचं नाव गळलं’ हा अहवाल वाचला, तर ठरावाला दात येतील.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एखाद्या बाईला स्वतःहूनच कुंकू लावायचं नसेल, बांगड्या उतरवून ठेवायच्या असतील, तर गावाने तिला अडवायचं का? नाही. तिचं दुःख कसं वागवायचं हा तिचा प्रश्न. म्हणूनच ठरावाची भाषा ‘विधवेने कुंकू लावावं’ अशी असू नये. ‘दुसऱ्या कोणीही तिच्या अंगावरची कोणतीही वस्तू काढू नये, काढायला सांगू नये, आणि ती कशीही राहिली तरी तिला कोणत्याही समारंभातून वगळू नये’ अशी असावी. उत्साहाच्या भरात काही ठिकाणी व्यासपीठावर बोलावून, कॅमेऱ्यासमोर विधवांना कुंकू लावण्याचे कार्यक्रम होतात. ज्या बाईला तीस वर्षं गावाने सांगितलं की लावू नकोस, तिला आता गावच सांगतं की लाव. दोन्ही वेळा कपाळ तिचं आणि निर्णय दुसऱ्यांचा. असे कार्यक्रम टाळलेले बरे.

मग शिक्षेचा कायदा करावा का? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ मध्ये संमत झाला. त्याच धर्तीवर विधवा प्रथांविरुद्ध कायदा हवा, अशी मागणी होते. माझा याला विरोध आहे, निदान आज तरी. भोंदूबाबा बाहेरचा असतो, जातपंचायतीचे पंच ठराविक असतात. त्यांच्यावर तक्रार करता येते. इथे आरोपी कोण होणार? सासू, आत्या, मोठी जाऊ. ज्या घरात त्या बाईला पुढची चाळीस वर्षं राहायचं आहे त्या घरातल्या म्हातारीवर ती दहाव्याच्या आत गुन्हा दाखल करेल, ही कल्पना गावाबाहेर बसूनच सुचू शकते. ज्या कायद्याखाली तक्रार येणारच नाही तो कायदा ‘प्रकार घडतच नाहीत’ असा आकडा तयार करतो आणि सरकारला हात झटकायला मोकळं करतो. जबरदस्ती, मारहाण, घराबाहेर काढणं यांना आजचे कायदे पुरेसे आहेत.

शहराला ग्रामसभा नाही, आणि शहरातल्या लोकांना आपल्याकडे असलं काही होत नाही असं वाटतं. बांगड्या फोडण्याचा प्रकार सदनिकांच्या इमारतींत कमी झाला आहे, हे खरं. वगळणं मात्र शिल्लक आहे, फक्त ते सभ्यपणे होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. मुलीच्या लग्नात आई मागे उभी राहते आणि कन्यादानाला काका-काकू बसतात. वास्तुशांतीला थोरला मुलगा-सून बसतात, घराचे हप्ते आईने फेडलेले असले तरी. इथे गाव नाही, भावकी विखुरलेली आहे, त्यामुळे कृती ज्यांच्या हातून होते ते हात शोधणं जास्त सोपं आहे: ते गुरुजींचे. ‘जोडप्यानेच बसायचं असतं’ हे वाक्य बहुतेक वेळा तेच उच्चारतात, आणि घरच्यांनी आग्रह धरला तर त्यांच्यातले बरेच जण एकट्या आईला बसवून विधी नीट करतातही. अडचण एवढीच, की हा विषय ऐन मुहूर्तावर, सगळी मंडळी जमल्यावर निघतो, आणि तेव्हा आईच म्हणते, राहू दे. दक्षिणा आणि तारीख ठरवायच्या पहिल्या फोनवरच हे विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी, किंवा गुरुजीबाई, पाहायला तेव्हा वेळ असतो.